ट्रकचा गिअर बॉक्स उतरवण्याआधी

गिअर बॉक्सचं ऑइल कधी बदलायचं, याचं उत्तर आपल्या बेळगाव भागात नुसत्या किलोमीटरमध्ये देऊन भागत नाही. जुन्या गाड्यांच्या पुस्तकात साध्या मिनरल ऑइलसाठी ३०-४० हजार किलोमीटर लिहिलेलं असतं, नव्या गाड्यांत चांगल्या ऑइलवर ८० हजार, कधी लाखाच्याही वर. पण चिकोडी, रायबाग, अथणीच्या फडातून ऊस भरणारी गाडी बघा. पाणंदीतून पहिल्या गिअरमध्ये डांबरीला लागायचं, मग पंधरा-वीस किलोमीटरवर उगार नाहीतर संकेश्वरचा कारखाना, आणि तिथे यार्डात नंबर लागेपर्यंत थोडं थोडं पुढे सरकत राहायचं. मीटर फारसं हलत नाही, पण बॉक्समधलं ऑइल पूर्ण लोडखाली, वारा न लागता, तासन्‌तास घुसळलं जातं. निपाणी-बेळगाव-धारवाड अशी हायवेला टॉपमध्ये पळणारी गाडी आणि ही गाडी, दोघींच्या मीटरवर आकडा एकच असला तरी आतल्या ऑइलची अवस्था एक नसते.

म्हणून उसाच्या गाडीला हंगामाचा हिशोब लावावा. गळीत सुरू व्हायच्या आधी, दसरा-दिवाळीच्या दरम्यान, ऑइल बदलायचं. पावसाळ्यात आत शिरलेलं पाणीही त्याच वेळी बाहेर निघतं. हंगाम संपला की लेव्हल, गळती आणि ड्रेन प्लगचं (ऑइल सोडायच्या तळाच्या बोल्टचं) मॅग्नेट तपासायचं. पुस्तकातली मुदत मध्येच संपत असेल तर अर्थातच थांबायचं नाही. चोर्ला, आंबोली किंवा अनमोड घाटातून रोज गोव्याकडे भाजी नेणाऱ्या गाडीला पुस्तकातली मुदत साधारण निम्म्यावर आणली तर नुकसान काही नाही. बॉक्सभर ऑइल सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) बदलायच्या कामापेक्षा स्वस्तच पडतं.

आधी क्लच बघा

‘गिअर पडत नाही’ म्हटल्याबरोबर बॉक्स उतरवायला निघालेला मेस्त्री टाळावा. गिअर जड पडणं, रिव्हर्सला खरखरणं, पहिला टाकताना दोनदा प्रयत्न करावा लागणं, यांत बॉक्सचा दोष नसणाऱ्या गाड्याच जास्त असतात. क्लच पूर्ण सुटत नसतो, आणि शिव्या बॉक्स खातो.

तपासायला पाच मिनिटं लागतात. इंजिन आयडलवर, गाडी न्यूट्रलला, हवेचा दाब पूर्ण भरलेला. क्लच पूर्ण दाबा आणि आठ-दहा सेकंद तसाच धरा, म्हणजे बॉक्सचा क्लच शाफ्ट (क्लचकडून बॉक्समध्ये ताकद आणणारा) फिरायचा थांबतो. मग रिव्हर्स टाका. बहुतेक बॉक्सना रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे इथे लपवाछपवी चालत नाही. इतकं थांबूनही खरखरला, तर क्लच शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे क्लच ओढतोय. गुपचूप पडला, तर क्लच ठीक आहे आणि पुढे लिंकेजकडे (लिव्हरपासून बॉक्सपर्यंतच्या रॉड-केबलकडे) वळायचं.

क्लच ओढण्याची कारणं एका ओळीत मावणारी नाहीत. हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा शिरली असेल, तर पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर नीट पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. ही खूण पक्की. मास्टर सिलिंडरचा वॉशर आतून सोडत असेल, तर बाहेर थेंबभर गळती दिसत नाही, पण पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं. बूस्टर (हवेच्या दाबाने क्लच दाबायला मदत करणारा) असलेल्या गाडीत हवेचा दाब कमी असतानाच त्रास होतो आणि टाकी भरल्यावर जातो. साध्या लिंकेजच्या किंवा ॲडजस्ट करता येणाऱ्या क्लचला पेडलवर साधारण २५ ते ४० मिलिमीटर मोकळी चाल हवी. चाल जास्त झाली की क्लच पूर्ण सुटत नाही, कमी झाली की घसरतो. प्लेट झिजत जाते तशी ही चाल कमी होत जाते, म्हणून घाटात इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी चढत नाही, तेव्हा पहिल्यांदा हीच चाल मोजावी. आपोआप जुळणाऱ्या नव्या क्लचला हा हिशोब लागू नाही. तिथे कंपनीचं माप बघायचं.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर उभी राहिलेली गाडी हा वेगळाच प्रकार. दमटपणाने प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, क्लच शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांब खाचांवर) गंज चढतो आणि प्लेट मागेपुढे सरकेनाशी होते. आठ-दहा दिवसांतून एकदा गाडी चालू करून शंभर पावलं मागेपुढे केली, तर हे टळतं. नुसतं इंजिन चालू करून बंद केल्याने काही होत नाही, क्लच काम करायला हवा.

आणखी एक जागा बहुतेक जण विसरतात: फ्लायव्हीलमधला, क्लच शाफ्टचं टोक धरणारा पायलट बेअरिंग. तो जाम झाला की क्लच कितीही उत्तम सुटला तरी फ्लायव्हील क्लच शाफ्टला सरळ फिरवत राहतं. प्लेट नवी, प्रेशर प्लेट नवी, मास्टर सिलिंडर नवा, आणि तक्रार तीच असेल, तर तिथे बघा. बॉक्स खाली आहे म्हटल्यावर हा बेअरिंग न तपासता बॉक्स परत चढवणं म्हणजे तेच काम पुन्हा स्वतःकडे ओढवून घेणं.

क्लच ठीक निघाला, तर लिंकेज बॉक्सपासून सोडा आणि बॉक्सवरचा शिफ्टर हाताने किंवा पाना लावून हलवा. इंजिन बंद, न्यूट्रलला. हाताने सगळे गिअर सहज पडत असतील, तर दोष वरच्या रॉडमध्ये, बुशमध्ये किंवा केबलमध्ये आहे. केबिनमधला लिव्हर न्यूट्रलला वीतभर हलत असेल, तर बुश संपलेत, वेगळं सांगायला नको. केबिन टिल्ट होणाऱ्या गाडीत केबिन खाली बसताना रॉडचा जॉइंट वाकतो किंवा केबलला मोड पडते, तेही हाताने चाचपून बघावं.

कुठलं ऑइल

दुकानात ‘९० नंबर’ मागितलं की जे हातात मिळतं, त्यातच निम्मी गडबड होते. सिंक्रो असलेल्या बॉक्सला बहुतेक कंपन्या एसएई ८०डब्ल्यू-९० किंवा त्याहून पातळ ऑइल सांगतात, दर्जा जीएल-४. मागच्या डिफरन्शियलला जीएल-५ लागतं, कारण तिथले क्राउन-पिनियन हायपॉइड असतात आणि दात एकमेकांवर घासत सरकतात. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचे पदार्थ जास्त असतात. तेच पदार्थ गरम बॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगला खातात. शिवाय सिंक्रोचं कामच घर्षणावर चालतं. रिंगने गिअरच्या कोनला (निमुळत्या भागाला) पकडून वेग सारखा करायचा असतो. ऑइल फार निसरडं असेल तर रिंग कोनवरून घसरते आणि गिअर खरखरतो. म्हणजे ‘जास्त भारी ऑइल घातलंय’ असं समाधान मानणाऱ्याच्या गाडीलाच त्रास. काही नव्या बॉक्सना त्यांच्या रिंगच्या मालाप्रमाणे वेगळं ऑइल चालतं, तिथे कंपनीचं पुस्तक शेवटचं.

१४० नंबरचं घट्ट ऑइल बॉक्सला घालायची जुनी सवय अजून गेलेली नाही. आवाज दबतो, हे खरं. पण थंडीत बेळगावात पहाटेचा पारा १२-१४ अंशांवर उतरतो, तेव्हा हे ऑइल इतकं जड असतं की पहिले काही किलोमीटर गिअरच पडत नाहीत, आणि सुई-बेअरिंगपर्यंत पोचायलाही वेळ लागतो. आवाज दाबणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. गाडी विकताना आवाज लपवायला हेच ऑइल घालतात, म्हणून जुनी गाडी घेताना लेव्हल प्लग (बॉक्सच्या बाजूचा, ऑइलची पातळी बघायचा बोल्ट) काढून ऑइल बोटाने चोळून बघावं.

सिंक्रो नसलेल्या, दोन काउंटरशाफ्टच्या (क्लच शाफ्टकडून ताकद घेऊन मेनशाफ्टला देणाऱ्या शाफ्टच्या) काही मोठ्या बॉक्सना तर इंजिन ऑइलच्या जातीचं ५० नंबरचं ऑइल लागतं. त्यात जीएल-५ ओतू नये. बॉक्सवरची पट्टी वाचल्याशिवाय डबा उघडायचा नाही, एवढं पाळलं तरी पुरे. वर्कशॉपमध्ये बॉक्सचं आणि डिफरन्शियलचं असे दोन ड्रम असतील, तर त्यांच्या मापाच्या किटल्यासुद्धा वेगळ्या ठेवा आणि वर रंगाने लिहा.

किती घालायचं? पाच-सहा गिअरच्या मध्यम ट्रकला मॉडेलप्रमाणे साधारण ५ ते १० लिटरच्या दरम्यान लागतं, मोठ्या बॉक्सना त्याहून जास्त. पण लिटरावर विसंबू नका. आधीचं ऑइल किती उरलंय, पीटीओ (पंप वगैरे चालवायला बॉक्समधून ताकद घेणारा जोड) बसवलाय का, यावर आकडा बदलतो. लेव्हल प्लगच्या भोकाची खालची कड हेच खरं माप. ऑइल तिथे टेकलं आणि हळूच ओघळायला लागलं की झालं.

जास्त भरलं तर बिघडतं काय, असं विचारतात. गिअर ऑइलला घुसळून फेस करतात. फेसात हवा असते, हवा वंगण करत नाही. बॉक्स तापतो, आत दाब वाढतो आणि सील ऑइल सोडू लागतं. पुढचं सील सुटलं तर ऑइल थेट क्लच प्लेटवर. कमी भरलं तर पहिल्यांदा मेनशाफ्टवरचे (चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टवरचे) गिअर आणि वरचे बेअरिंग कोरडे पडतात, कारण बॉक्समध्ये ऑइल पोचतं ते काउंटरशाफ्टच्या दातांनी उडवलेल्या शिंतोड्यांनी. तो शाफ्ट ऑइलमध्ये बुडलेला नसेल तर वर काहीच जात नाही.

ऑइल काढताना

गाडी फेरी मारून आल्यावर, बॉक्स कोमट असताना काढायचं. थंड ऑइल तळातला चुरा सोबत घेऊन येत नाही, आणि फार गरम असेल तर हात भाजतो. जमीन सपाट हवी, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, चावी खिशात. गाडीखाली माणूस असताना क्लीनरने सहज म्हणून स्टार्टर मारल्याने बोटं गेलेली आहेत, म्हणून चावीचं सांगतो.

आधी वरचा भरायचा प्लग सोडवा. ड्रेन आधी उघडला, ऑइल गेलं, आणि मग वरचा प्लग गंजून बसलाय असं कळलं, तर गाडी तिथेच उभी. वरचा निघाला की मगच खालचा. दोन्ही प्लगभोवतीची माती तारेच्या ब्रशने आणि डिझेलच्या फडक्याने आधी साफ करा, नाहीतर फडातली मातीच आत जाईल. ऑइल वीस-पंचवीस मिनिटं निथळू द्या.

आता ड्रेन प्लगचं मॅग्नेट बघा. बॉक्सचा रिपोर्ट तिथे लिहिलेला असतो. बारीक राखाडी लुकणासारखा थर म्हणजे नेहमीची झीज, पुसून टाका. नखाला टोचणारे कण असतील तर कुठेतरी दाताची कड किंवा बेअरिंगचा ट्रॅक सुटायला लागलाय. चपटे चमकदार पापुद्रे बहुतेक बेअरिंगचे. दाताचा तुकडा सापडला तर ऑइल भरायचंच नाही, बॉक्स उघडायचा. पितळेचा कीस मॅग्नेटला चिकटत नाही, म्हणून काढलेलं ऑइल उन्हात पांढऱ्या भांड्यात फिरवून बघा. सोनेरी झाक दिसली तर सिंक्रो रिंग झिजतायत. थोडी झाक चालते. मागच्या वेळेपेक्षा वाढलीय का, हे महत्त्वाचं, म्हणून मोबाइलवर फोटो काढून तारीख आणि मीटर लिहून ठेवा.

रिकाम्या बॉक्समध्ये डिझेल किंवा रॉकेल ओतून गाडी फिरवायची आणि मग नवं ऑइल घालायचं, ही पद्धत सोडून द्या. सगळं डिझेल कधीच निघत नाही, ते कोपऱ्यात आणि बेअरिंगच्या खिशात राहून नवं ऑइल पातळ करतं. धुवायचाच असेल तर त्याच दर्जाचं स्वस्त ऑइल लेव्हलपर्यंत भरा, रिकामी गाडी चार-पाच किलोमीटर फिरवा, काढा आणि मग चांगलं घाला.

प्लगचा तांब्याचा वॉशर दरवेळी नवा. जुना वॉशर दाबून पातळ झालेला असतो, तो गळतो आणि मग मेस्त्री पान्याला पाइप लावून प्लग ताणतो. ॲल्युमिनियमच्या बॉक्सचा आटा असाच उडतो. पुस्तकात टॉर्क दिलेला असतो, टॉर्क पाना असेल तर तोच वापरा. नव्या ऑइलने लेव्हल आली की दहा मिनिटं थांबा, परत भरा. एक छोटी फेरी मारून आल्यावर गाडी पुन्हा सपाट जागेवर उभी करून बघा.

पाणी

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्या गाड्यांना हा भाग वेगळा वाचावा लागेल. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरासारखा पूर दरवर्षी येत नसला, तरी ओढ्याच्या फरशीवरून गुडघाभर पाण्यात गाडी घालणं दर पावसाळ्यात होतं. गरम बॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आत ओढ तयार होते आणि पाणी ब्रीदरमधून (हवा जायच्या तोंडातून) किंवा सीलच्या ओठातून आत खेचलं जातं. वरून एक थेंब गळत नसतानाही आत पाणी सापडतं ते यामुळे.

ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. असं ऑइल ‘चालवून सुकवता’ येत नाही. ते वंगण करत नाही आणि बेअरिंगवर गंजाचे ठिपके पाडतं. ते ठिपके पुढे आवाज होऊन बाहेर येतात. त्याच दिवशी काढा, वर सांगितल्याप्रमाणे स्वस्त ऑइलने एकदा, गरज वाटली तर दोनदा धुवा आणि नवं भरा. उभ्या गाडीत पाणी तळाला बसतं, म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा ड्रेन प्लग सकाळी किंचित सैल केला तर आधी पाणी येतं. पुरातून निघालेल्या गाडीची डिफरन्शियल आणि हबही याच रांगेत तपासा.

ब्रीदर म्हणजे बॉक्सच्या माथ्यावरची ती छोटी टोपी. चिखल आणि उसाच्या पाचटाचा भुगा यांनी ती बुजली की गरम बॉक्समधला दाब बाहेर जाऊ शकत नाही आणि मागचं-पुढचं सील ऑइल सोडतं. नवं सील घालूनही महिन्यात गळती सुरू झाली, तर सीलला दोष देण्याआधी टोपी काढून फुंकून बघा. सर्व्हिसिंगला प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट ब्रीदरवर मारू देऊ नका.

गळती कसली आहे, हे वासावरून ओळखा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिन ऑइल काळं आणि त्या मानाने बिनवासाचं. बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) खालच्या भोकातून काय टपकतंय यावर पुढचं काम ठरतं: बॉक्सचं पुढचं सील की इंजिनाचं मागचं. दोन्हींसाठी बॉक्स उतरवावाच लागतो, पण सील आणायला दुकानात जाताना कुठलं आणायचं ते माहीत हवं.

आवाज आणि निसटणारा गिअर

न्यूट्रलला क्लच सोडलेला असताना घरघर, आणि क्लच दाबला की बंद: क्लच शाफ्टचा किंवा काउंटरशाफ्टचा बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज: रिलीज बेअरिंग किंवा पायलट. एकाच गिअरमध्ये आवाज: त्या जोडीचे दात किंवा त्या गिअरखालचे सुई-बेअरिंग. सगळ्या गिअरमध्ये आवाज, पण टॉप डायरेक्ट असेल आणि तिथे कमी होत असेल, तर काउंटरशाफ्ट. कारण डायरेक्टमध्ये त्याच्यावर लोड नसतो. गाडी फिरत असताना सतत, गिअर कुठलाही असो: मेनशाफ्टचा मागचा बेअरिंग, किंवा मुळात बॉक्स नव्हेच, प्रॉपेलर शाफ्टचा (बॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या लांब शाफ्टचा) क्रॉस किंवा सेंटर बेअरिंग. क्रॉस हाताने हलवून आधी बघा, तिथे काम ग्रीस गनवर किंवा एका क्रॉसवर निभावतं.

चालत्या गाडीत गिअर निसटतो, तोही बहुतेक वेळा ॲक्सिलरेटर सोडल्यावर किंवा उतारावर. टॉप कव्हरमधला लॉक-बॉल आणि स्प्रिंग आधी बघा. स्प्रिंग मऊ झाली की लिव्हर जागेवर राहत नाही. हे काम बॉक्स न उतरवता होतं. पुढे शिफ्टर फोर्कच्या टोकांची झीज. लिव्हरवर हात टेकवून गाडी चालवणाऱ्याचे फोर्क लवकर जातात, कारण फोर्क सारखा स्लीव्हला (गिअर शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याला) घासत राहतो. त्यानंतर स्लीव्ह आणि गिअरच्या डॉग-दातांची (स्लीव्ह ज्यात अडकते त्या छोट्या दातांची) कड गोल झालेली असते; ही झीज खरखर करून गिअर टाकण्याचीच देणगी. शेवटी मेनशाफ्टची मागेपुढे चाल. आणि माउंटिंग रबर तुटलं असेल, तर बॉक्स हलतो, लिंकेज ओढलं जातं आणि चांगला गिअरही सुटतो.

उतरवायचाच असेल तर

बॉक्सचं वजन शंभर किलोपासून तीनशेपर्यंत असतं. दोरखंडावर किंवा छातीवर घेऊन उतरवण्याचे दिवस गेले. गिअर बॉक्स जॅक नसेल तर काम घेऊ नका. प्रॉपेलर शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर सेंटर पंचने खूण करा, शाफ्ट त्याच खुणेवर परत लागला पाहिजे, नाहीतर गाडी थरथरते. काढताना आणि चढवताना बेल हाउसिंगच्या दोन भोकांत डोकं कापलेले लांब बोल्ट गाइड म्हणून लावा. बॉक्स क्लच शाफ्टवर लोंबकळला की क्लच प्लेटचा हब वाकतो, आणि नवी प्लेट पहिल्याच दिवशी ओढायला लागते. स्प्लाइनवर हाय टेंपरेचर ग्रीसचा पुसट हात, त्याहून जास्त नाही. जास्तीचं ग्रीस फिरून प्लेटवरच उडतं.

उघडल्यावर सिंक्रो रिंग साफ करून कोनवर हाताने दाबून बसवा आणि रिंग व गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजने तीन ठिकाणी मोजा. मर्यादा पुस्तकात असते. फट त्याखाली आली की रिंग बदला, आतल्या बारीक रेघा दिसत असल्या तरी. रेघा गुळगुळीत झाल्या की ऑइल पुसलं जात नाही आणि रिंग पकडत नाही. रिंग नवी आणि कोन जळून निळा पडलेला, ही जोडी टिकणार नाही. हब आणि स्लीव्ह काढण्याआधी खूण करा, दोन्ही एकमेकांत आणि त्याच दिशेने बसायला हवेत.

बेअरिंग गॅस कटरने तापवून बसवू नका. ऑइलच्या भांड्यात किंवा हीटरवर ८०-१०० अंशांपर्यंत तापवलं की ते शाफ्टवर सहज जातं. सर्क्लिप वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात. खाचेत बसेल अशी सगळ्यात जाड निवडायची, म्हणजे शाफ्टची चाल कमी होते. टेपर बेअरिंगच्या बॉक्समध्ये शिम बदलून डायल गेजने चाल मोजल्याशिवाय कव्हर बंद करू नका. ‘हाताला बरोबर वाटतंय’ हे माप नव्हे.

शिफ्टर रॉड परत घालताना दोन रॉडमधली छोटी इंटरलॉक पिन विसरली जाते, खाली घरंगळून कपाटाखाली जाते आणि कुणाला कळतही नाही. तिच्याविना एकाच वेळी दोन गिअर पडू शकतात. मग बॉक्स जागच्या जागी जाम होतो, तोही चालत्या गाडीत. टॉप कव्हर लावण्याआधी एक गिअर टाकून दुसरा रॉड ढकलून बघा. हलला तर पिन नाही.

पुढच्या बेअरिंग कव्हरमध्ये ऑइल परत जायचं भोक असतं. पॅकिंग उलटं बसलं किंवा सिलिकॉन सढळ हाताने लावलं तर ते भोक बुजतं आणि पुढचं सील नवं असूनही गळतं. आत सांडलेले सिलिकॉनचे तुकडेही ऑइलचे मार्ग अडवतात. सीलच्या ओठाने फ्लँजवर खाच पाडली असेल, तर नवं सील दोन-तीन मिलिमीटर आतबाहेर बसवता येतं का बघा, नाहीतर फ्लँजवर स्लीव्ह चढवून घ्या. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही चांगल्या लेथवर हे होतं. हाउसिंगमधली बेअरिंगची जागाच सैल झालेली असेल, तर पंच मारून बेअरिंग घट्ट करणं हा उपाय नव्हे. जागा बोर करून बुश घालावा किंवा हाउसिंग बदलावं.

नऊ गिअरच्या, हाय-लो रेंज (तेच गिअर हळू आणि जलद अशा दोन टप्प्यांत) असलेल्या बॉक्समध्ये आणखी एक वैरी असतो: हवेतलं पाणी. एअर ड्रायर वेळेवर बदलला नाही आणि टाकीचं पाणी सोडलं नाही, तर रेंज सिलिंडरच्या ओ-रिंग फुगतात, गंज धरतो आणि रेंज मध्येच अडकते. चालत्या वेगात हाय रेंजमधून लो मध्ये स्विच टाकणाऱ्या ड्रायव्हरपुढे मात्र कुठलाच मेस्त्री पुरा पडत नाही.

घाट आणि टोचन

तवंदी, वंटमुरी हे छोटे, चोर्ला आणि आंबोली मोठे, पण न्यूट्रल मारून उतरणारे सगळीकडे आहेत. डिझेल वाचतं म्हणतात. ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका सगळ्यांना माहीत असतो, बॉक्सचं मात्र कुणी बोलत नाही: इंजिन आयडलवर असताना काउंटरशाफ्ट हळू फिरतो, मेनशाफ्ट मात्र चाकांच्या वेगाने, ऑइल पुरेसं उडत नाही आणि नेमके फिरणारे भाग कोरडे पडतात. चढताना जो गिअर लागला असता, त्यात किंवा एक खालच्यात, एक्झॉस्ट ब्रेक लावून उतरावं.

बंद पडलेली गाडी टोचन करून नेताना हेच आणखी वाईट. इंजिन बंद, काउंटरशाफ्ट थांबलेला, आणि चाकं मेनशाफ्ट फिरवतायत. खानापूरपासून बेळगावच्या ऑटोनगरपर्यंत एवढ्या अंतरातही चांगला बॉक्स जळू शकतो. टोचन लावण्याआधी मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडून बांधून ठेवा किंवा दोन्ही ॲक्सल शाफ्ट काढून हबला झाकण लावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

नव्याने बांधलेला बॉक्स चढवण्याआधी टेबलावरच क्लच शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक गिअर टाकून बघा. गाडीवर चढल्यावर पहिले ५०० किलोमीटर झाले की बेल हाउसिंगचे आणि माउंटिंगचे बोल्ट पुन्हा तपासा, आणि एक-दीड हजार किलोमीटरला ते पहिलं ऑइल काढून टाका. नव्या भागांचा पहिला चुरा त्यात असतो. त्या वेळचा मॅग्नेटचा फोटो जपून ठेवा, पुढच्या दसऱ्याला तुलना त्याच्याशीच करायची आहे.